पॉवर सप्लायमधील विद्युतचुंबकीय व्यत्यय: आधी लूप, शेवटी फिल्टर

बक (व्होल्टेज उतरवणारा), बूस्ट (चढवणारा), फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मर असलेला) यांपैकी कोणताही स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे स्विच वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारे सर्किट, घेतला, तरी त्याची कार्यक्षमता ज्या गुणावर उभी असते तोच गुण व्यत्ययाचेही कारण असतो. मॉसफेट, म्हणजे स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर, काही नॅनोसेकंदांत पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो आणि तेवढ्या अवधीत प्रवाह व व्होल्टेज दोन्ही झपाट्याने बदलतात. हा बदल टाळता येत नाही. त्यातून निर्माण होणाऱ्या उच्च वारंवारतेच्या प्रवाहाला बोर्डाच्या आतच, शक्य तितक्या लहान वाटेने उगमाकडे परत नेणे मात्र आपल्या हातात असते. प्रत्यक्षात अनेकदा बोर्ड चाचणीत नापास झाल्यावर इनपुटचा फिल्टर वाढवत नेला जातो. हा क्रम उलटा आहे, आणि तो खर्चिकही ठरतो.

प्रथम व्यत्यय कोणत्या पट्ट्यात आहे ते पाहावे. सीआयएसपीआर ३२ या व्यत्ययाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तारांमधून वाहून जाणारा व्यत्यय १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजतात आणि हवेतून पसरणारा ३० मेगाहर्ट्झच्या वर. त्यानंतर तो डिफरन्शियल मोडचा (एका तारेने जाऊन दुसरीने परतणारा) आहे की कॉमन मोडचा (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊन अर्थिंगवाटे परतणारा), हे ठरवावे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यावर सहसा चालत नाही. इनपुटच्या दोन्ही तारा एकाच करंट प्रोबमधून एकत्र नेल्या की जाणारा व येणारा डिफरन्शियल प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि उरते ते केवळ कॉमन मोडचे वाचन. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, तरीही ती वगळून अंदाजाने घटक बदलत बसणारे कमी नाहीत.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे ज्या लूपमधील (बंद वाटेतील) प्रवाह खंडित होतो त्या लूपकडे वळू. बक कन्व्हर्टरमध्ये हा लूप इनपुट कपॅसिटर, वरचा मॉसफेट आणि खालचा मॉसफेट किंवा डायोड यांचा असतो. आउटपुटच्या बाजूला इंडक्टर असल्याने तिथला प्रवाह सलग वाहतो व तो भाग तुलनेने शांत राहतो. बूस्टमध्ये परिस्थिती नेमकी उलट असून तिथे आउटपुट कपॅसिटर, डायोड आणि मॉसफेट यांचा लूप जपावा लागतो. बोर्डावरच्या एक मिलिमीटर ट्रेसचे (तांब्याच्या पट्टीचे) इंडक्टन्स ढोबळमानाने एक नॅनोहेन्री धरले, तर दहा मिलिमीटरच्या निष्काळजी वळणातून ५ अँपिअर प्रवाह १० नॅनोसेकंदांत तुटताना ५ व्होल्टचा झटका निर्माण होतो. शिवाय लूपचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितके त्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेर पसरते. म्हणून लेआउटला सुरुवात करताना सर्वांत आधी या लूपमधील कपॅसिटर ठेवावा, आणि तो मॉसफेटला अगदी लागून, त्याच थरावर, मध्ये व्हाया (दोन थर जोडणारे छिद्र) न येता. १०० नॅनोफॅरडचा लहान आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर सर्वांत जवळ आणि मोठे कपॅसिटर त्याच्या मागे, अशी रचना करावी. आयसीच्या पिना परवानगी देत असतील तर दोन सारखे कपॅसिटर आयसीच्या दोन बाजूंना ठेवावेत, म्हणजे दोन लूपची चुंबकीय क्षेत्रे परस्परविरुद्ध दिशेची होऊन बरीचशी रद्द होतात. एक्स७आर प्रकारच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारिता डीसी व्होल्टेजखाली लक्षणीय घटते, त्यामुळे त्यावर छापलेला आकडा गृहीत न धरता उत्पादकाचा आलेख पाहणे आवश्यक आहे.

या लूपच्या थेट खालच्या थरावर अखंड ग्राउंड प्लेन (ग्राउंडला जोडलेला तांब्याचा सलग थर) असावे. त्यात उलट दिशेचा प्रवाह प्रेरित होतो आणि तो वरच्या क्षेत्राला बराचसा रद्द करतो. परंतु हा परिणाम अंतरावर अवलंबून असल्याने, ०.२ मिलिमीटर खाली असलेला दुसरा थर जे काम करतो ते १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरी बोर्डाच्या खालच्या बाजूने तितके साधत नाही. लूपच्या खालून प्लेन चिरत जाणारी एखादी सिग्नलची ट्रेसही हा लाभ घालवते.

दोन स्विच आणि इंडक्टर जिथे जुळतात, त्या स्विच नोडचे तांबे मात्र उष्णता वाहून नेण्यास पुरेल एवढेच ठेवावे, कारण वेगाने उडी मारणारे व्होल्टेज आसपासच्या प्रत्येक धातूशी धारितेने जोडले जाते. इंडक्टरच्या वेटोळ्याचे आतले टोक स्विच नोडला आणि बाहेरचे टोक शांत बाजूला जोडले, तर बाहेरचे वेढे आतल्यांना आडोसा देतात. आतले टोक ओळखता यावे यासाठी अनेक इंडक्टरवर ठिपका असतो.

एवढे करूनही स्विच नोडवर रिंगिंग (प्रत्येक बदलानंतर उठणारी आंदोलने) दिसले, तर स्नबर, म्हणजे ते शमवणारी रोधक व कपॅसिटर यांची मालिका, बसवावा. रिंगिंग पाहताना ऑसिलोस्कोप प्रोबची लांब ग्राउंड तार काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरावी, अन्यथा तारेचेच रिंगिंग पडद्यावर दिसते. समजा, रिंगिंग १०० मेगाहर्ट्झचे आहे. खालच्या मॉसफेटला समांतर कपॅसिटर वाढवत जावे आणि वारंवारता निम्मी होईल तिथे थांबावे. ती ३०० पिकोफॅरडला ५० मेगाहर्ट्झ झाली, तर सर्किटमधील मूळ परजीवी (वेगळा घटक न लावताही आपोआप असणारी) धारिता त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे १०० पिकोफॅरड निघते आणि त्यावरून परजीवी इंडक्टन्स सुमारे २५ नॅनोहेन्री येते. या इंडक्टन्सला धारितेने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १६ ओहम येते व तोच स्नबरच्या रोधकाचा आरंभबिंदू होय. कपॅसिटर ३३० पिकोफॅरडचा घ्यावा. २४ व्होल्ट व ४०० किलोहर्ट्झला यात सुमारे ०.०८ वॅट खर्च होतात. रोधकाचा आकार या आकड्यावरून निवडावा.

मॉसफेटच्या गेटचा (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) रोधक वाढवून स्विचिंगच्या कडा मंद करणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण त्याचा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. चढण्याचा काळ १० वरून २० नॅनोसेकंद केला, तर स्पेक्ट्रम वेगाने उतरू लागण्याचा बिंदू सुमारे ३२ वरून १६ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्यापुढे सुमारे ६ डेसिबलचा लाभ होतो. त्याची किंमत म्हणून स्विचिंगमधील ऱ्हास जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून लूप सुधारण्याची संधी असताना हा मार्ग धरू नये. बक कन्व्हर्टरमध्ये बूटस्ट्रॅप कपॅसिटरच्या (वरच्या मॉसफेटच्या गेटला ऊर्जा पुरवणाऱ्या कपॅसिटरच्या) मालिकेत काही ओहमचा रोधक घातल्यास केवळ चालू होण्याची कडा मंदावते. गरज पडलीच तर तो पर्याय बरा.

मेन्सवर चालणाऱ्या फ्लायबॅकमध्ये कॉमन मोड हा खरा प्रश्न असतो. मॉसफेटच्या ड्रेन टोकाचे व्होल्टेज ४० नॅनोसेकंदांत ४०० व्होल्ट बदलले आणि मॉसफेट व हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यात ५० पिकोफॅरड धारिता असली, तर त्या क्षणी त्यातून अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो. हीट सिंक प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडील बाजूच्या) शांत ऋण टोकाला जोडल्यास हा प्रवाह अर्थिंगकडे न जाता जवळूनच परततो. मात्र मग हीट सिंक धोकादायक व्होल्टेजवर असते, त्यामुळे त्याला कोणाचाही स्पर्श होणार नाही अशी मांडणी अनिवार्य आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी व सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा शील्ड घालून तोही त्याच टोकाला जोडावा. पत्र्याची दोन टोके परस्परांना चिकटू देऊ नयेत, नाहीतर तो शॉर्ट झालेला वेढा बनतो. उरलेल्या प्रवाहासाठी प्रायमरी व सेकंडरी बाजूंमध्ये वाय वर्गाचाच, म्हणजे विद्युत धक्क्यापासून सुरक्षिततेसाठी प्रमाणित, कपॅसिटर वापरावा. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर गळती होते, आणि सुरक्षा मानकांतील गळतीच्या मर्यादेमुळे तो हवा तितका वाढवता येत नाही.

आता फिल्टर. ४०० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरसाठी ४.७ मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरड यांचा साधा फिल्टर मूळ वारंवारतेवर कागदोपत्री जवळजवळ ५० डेसिबल घट देतो. प्रत्यक्षात तो स्विच नोडच्या शेजारी ठेवला, तर काही पिकोफॅरडची जोडणीही त्याला ओलांडून जाते. म्हणून तो कनेक्टरजवळ असावा. दुसरी बाब स्थिरतेची. स्थिर शक्ती ओढणारा कन्व्हर्टर इनपुटला ऋण रोधासारखा वागतो: १२ व्होल्ट व २४ वॅटला हा रोध ६ ओहम असतो. फिल्टरचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) त्याच्या बराच खाली असावा, हे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये दाखवले. त्यासाठी फिल्टरच्या कपॅसिटरला समांतर, साधारण चौपट धारितेचा, म्हणजे ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुमारे ०.७ ओहम मालिका रोधासह लावावा.

स्विचिंग वारंवारता हलवत ठेवणाऱ्या स्प्रेड स्पेक्ट्रमने शिखरे खाली येतात, पण ऊर्जा तितकीच राहते. त्याचा उपयोग शेवटच्या काही डेसिबलपुरता करावा.

प्रयोगशाळेत बोर्ड पाठवण्यापूर्वी प्रत्येक केबलवरचा कॉमन मोड प्रवाह क्लॅम्प प्रोबने मोजावा. एक मीटर केबलवर ५० मेगाहर्ट्झला अवघा ५ मायक्रोअँपिअर प्रवाह तीन मीटरवर सुमारे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र निर्माण करतो, आणि घरगुती वापराच्या उपकरणांची मर्यादा त्याच सुमारास आहे. वाचन याहून अधिक आले, तर ती केबल ज्या कनेक्टरवर जोडली आहे तिथून मागे जात तो प्रवाह बोर्डाच्या कोणत्या भागातून निघतो ते शोधावे.