बोअरमधला पाइप कुठं तुटू शकते, त्याचा हिशोब

वरूड-मोर्शीकडं पाणी पार खोल गेलं, संत्र्याच्या बगीच्यात ६०० फुटावर मोटर टाकली म्हटलं तरी कोणाला नवल वाटत नाही. पण पाइप घ्याले गेलं की दीड इंची द्या एवढंच सांगतात, त्याच्यावर किती ओढ येईन हे कोणी पाहत नाही. मोबाईलवर दहा मिनिटात होते, करून पाहा.

आधी वजन. दीड इंची मिडियम जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) २० फुटी नग साधारण २२ किलोचा, ३० नगाचे झाले ६६० किलो. आतलं पाणी मीटरला १.३८ किलो, म्हंजे अडीचशे. मोटर, पंप, केबल मिळून ९० धरा. झाला एक टन, अन् हा सगळा टन बोअरच्या तोंडावरच्या क्लॅम्पखालच्या पहिल्या पाइपावर लटकते, खाली जाल तसा कमी होत जाते. पाण्याचं वजन धरलं असन तं बुडाशी प्रेशरनं बसणारी ओढ परत जोडू नका, ते एकच आहे. फक्त वर ड्रिपसाठी २ किलो प्रेशर (म्हंजे दर चौरस सेंटिमीटरले २ किलो) लागत असन तं त्याचे २८ किलो जोडा, किरकोळच आहे.

आता हे वजन लोखंडाच्या क्षेत्रफळानं भागायचं. पाइपाची भिंत ३.२ मिमी, बाहेरून ४८.३ मिमी, म्हणून लोखंड साडेचार चौरस सेंटिमीटर, ताण आला दर चौरस सेंटिमीटरले २२० किलो. लोखंड तुटते ३२०० च्या आसपास, मंग भ्याचं काहून? तं आटे. दीड इंचीचे आटे दीड मिमी खोल कापतात, आट्याच्या बुडाशी भिंत उरते फक्त दीडएक मिमी अन् लोखंड २ चौरस सेंटिमीटर. तिथं ताण सरळ ५०० वर जाते. त्यात आटे पाडताना जस्त निघून गेलेलं, पहिला गंज तिथंच धरते. गंजानं आणखी पाऊण मिमी खाल्लं की ताण हजारावर.

प्रेशरचं उलटं आहे, ते बुडाशी जास्त. ३३ फुटाले १ किलो, ६०० फुटाले १८. बाहेर पाणी असन तं तेवढं वजा होते, ४०० फुटावर पाणी असलं तं १२ च, पण मे महिन्यात लेवल मोटरपर्यंत उतरते म्हणून १८ च धरा. पाइप उभा फाडणारा ताण म्हंजे प्रेशर गुणिले व्यास भागिले भिंतीची दुप्पट. आट्यापाशी २७० च्या आत येते, म्हणजे वरच्या ओढीच्या जवळपास निम्माच. व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालवली तं प्रेशर याच्याही वर जाते, ते नका करू.

म्हणून नवे पाइप वर लावा, जुने खाली. बरेच मिस्त्री उलटं करतात, वरचा पाइप बदलाले सोपा म्हणून, अन् मले ते अजिबात पटत नाही, वरून तुटला तं पूर्ण लाइन मोटरसकट बोअरमध्ये जाते.

लाईट गेली की पाणी उलटं फिरून चेक व्हॉल्व्हवर (पाणी मागं जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळते. सेकंदाले १ मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं तं लोखंडी पाइपात १३ किलोच्या आसपास प्रेशर चढते, म्हंजे पावणेदोनशे किलोचा झटका, अन् दिवसातून चारदा लाईट गेली तं चारदा. चेक व्हॉल्व्ह ढिला असन तं बदला, तो झटका वाढवते.

मोटर फसली तं चेनकुप्पीनं (साखळीच्या कप्पीनं) किती ओढायचं? नव्या आट्याची ताकद ६४०० किलो, सुरक्षेसाठी चारानं भागा, १६०० आले. त्यातला एक टन तं आधीच लटकून आहे, म्हणून वरून जास्तीचे ६०० च. जुना पाइप असन तं त्याच्याहून बरंच कमी. चेनकुप्पी ३ टनाची असते म्हणून ३ टन ओढू नका.

यूपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) घेत असाल तं हे आकडे चालत नाहीत, कंपनीच्या तक्त्यात प्रेशर अन् ओढ दोन्ही वेगवेगळे लिहिलेले राहतात, ते दोन्ही पाहा. प्लास्टिकचं प्रेशर रेटिंग २७ डिग्रीले दिलेलं असते, तापलं की ताकद कमी होते, म्हणून वर काढलेले नग उन्हात टाकून ठेवू नका, झाडाखाली सपाट जागेवर ठेवा.