पाइप फुटला? बादलीआधी कॉक
पाइप फुटला की घरातले सगळे फडकी शोधत पळतात. आधी कॉक बंद करा. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं, त्यामुळे 'आज गुरुवार, महापालिकेचं पाणी बंदच आहे' यावर विसंबू नका. टाकी रिकामी होईपर्यंत धार चालूच राहते. तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह डक्टमध्ये आहे की गच्चीवर, हे आजच वॉचमनला विचारा आणि अधूनमधून तो फिरवत राहा. बोअर-टँकरच्या जड पाण्याने जुने पितळी व्हॉल्व्ह असे जाम होतात की ऐनवेळी पान्यालाही दाद देत नाहीत.

मग गीझर बंद, आणि पाइपात उरलेलं पाणी उतरावं म्हणून खालचे नळ उघडे. स्विचबोर्डाजवळची भिंत ओली असेल तर मेन स्विच पाडा, पण ओल्या फरशीवर उभं राहून नव्हे. बारीक चीर असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. प्लंबर येईपर्यंत निभावतं.

छताचा रंग पाण्याने फुगला असेल, तर वीज बंद करून, खाली बादली ठेवून खिळ्याने टोचा.

भिंत आतून वाळायला कित्येक आठवडे लागतात. रंगारी लगेच पुट्टी मारायला तयारच असतो, त्याला थांबवा. आणि गळती वरच्या मजल्यावरून असेल, तर पुसायच्या आधी फोटो काढा.