मुंबईत सकाळी सातला उतरलात, खोली दुपारी दोनला मिळणार: मधले तास कसे घालवावेत

कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, नागपूरकडची विदर्भ या रात्रीच्या गाड्या सकाळी सातच्या आगेमागे सीएसएमटीला पोहोचतात. हॉटेलची खोली मात्र बाराला, बऱ्याच ठिकाणी तर दोनला मिळते. हे सहा-सात तास स्टेशनच्या बाकावर किंवा हॉटेलच्या सोफ्यावर पेंगत काढले, तर दिवसभर अंग जड राहते. खाली दिलेला क्रम फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेट भागात उतरणाऱ्यांसाठी आहे.

आदल्या रात्रीचा फोन

गाडीत बसण्याआधी, रात्री आठ-नऊच्या सुमारास थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा. आज रात्री किती खोल्या रिकाम्या राहणार, याचा अंदाज त्यांना तोवर आलेला असतो. ‘लवकर खोली मिळेल का?’ असे मोघम विचारू नका. ‘आम्ही साडेसातला पोहोचतोय. आज रात्री रिकामी राहणारी एखादी खोली आहे का? मजला कुठलाही चालेल,’ असे विचारा. जादा पैसे लागणार असतील तर आकडा तेव्हाच ठरवून घ्या. ऑनलाइन बुकिंग करताना ‘अर्ली चेक-इन’वर केलेली खूण ही फक्त विनंती असते, हॉटेल त्याला बांधील नसते.

सोबत तान्हे मूल, आजारी माणूस किंवा ज्येष्ठ मंडळी असतील तर सरळ आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या. पैसे जास्त जातात, पण अशा वेळी तेच योग्य. मात्र आपण पहाटे किंवा सकाळी येणार आहोत, हे हॉटेलला कळवून ठेवा. नाहीतर रात्री कोणी आले नाही म्हणून ते बुकिंग रद्द करू शकतात.

आधी सामान, मग बाकी सगळे

हॉटेल स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल, तर टॅक्सीने आधी तिथेच जा. रजिस्टर भरा, प्रत्येक मोठ्या माणसाचे मूळ ओळखपत्र दाखवा आणि बॅगा ठेवून टोकन किंवा पावती घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक हॉटेले घेत नाहीत. आधार, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. ‘खोली तयार झाली की फोन करा’ असे सांगून नंबर लिहून द्या. कागदपत्रे आधीच झालेली असली, की खोली तयार होताच किल्ली हातात पडते.

हॉटेल दूर असेल तर स्टेशनवरची क्लोक रूम बरी. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून तिकिटाचा मेसेज पुसू नका. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. चिवडा-लाडवांच्या कापडी पिशव्या इथेच अडतात. घरून निघतानाच त्या कुलपाच्या बॅगेत बसतील अशी सोय करा आणि दोन छोटी कुलपे जवळ ठेवा. दागिने, रोकड, लॅपटॉप, औषधे आणि चार्जर कुठेही ठेवायला देऊ नका.

आंघोळ

रात्रीच्या प्रवासानंतर आंघोळीने जो फरक पडतो, तो चहाने पडत नाही. हॉटेलला विचारा, बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना तोंड धुऊन कपडे बदलायला जागा देतात. नाहीतर स्टेशनवर पैसे देऊन वापरायची स्नानगृहे आहेत. टॉवेल, साबण, चपला आणि एक कपड्यांचा जोड वेगळ्या छोट्या पिशवीत अगदी वर ठेवा, म्हणजे मोठी बॅग चारचौघांत उघडावी लागत नाही.

आठ ते दहा: सावलीची बाजू

बहुतेक मंडळी सामान ठेवले की थेट गेटवेकडे निघतात. गेटवे पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून आहे. नऊनंतर तिथे ऊन थेट अंगावर येते आणि बसायला सावली फारशी नाही. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो, त्यामुळे कट्ट्यावर बराच वेळ निवांत बसता येते. म्हणून पहिला तास मरीन ड्राइव्हला द्या आणि गेटवे संध्याकाळसाठी ठेवा. तिथून मरीन लाइन्सजवळ, धोबी तलावला आलात की १९०४ पासूनचे कयानी हे इराणी हॉटेल आहे: ब्रून मस्का, अकुरी, चहा. पोटभर पुरी-भाजी आत्ताच खाल्लीत तर अकरा वाजता डोळे मिटायला लागतील.

पुढे चालत हुतात्मा चौकात या. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक एकाच चौकात आहे. पाटी वाचायला पाच मिनिटे थांबा.

सव्वादहा ते साडेबारा: वस्तुसंग्रहालय

ऊन चढले की छताखाली जायचे. काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी १०.१५ ला उघडते. ते सोमवारीही चालू असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बंद असते. समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मात्र सोमवारी बंद. झोप अपुरी असताना सगळी दालने पाहण्याचा हट्ट नको. तळमजल्यावरील शिल्पे, वरची लघुचित्रे, मध्ये अर्धा तास विश्रांती, एवढे पुरे. मोठी बॅग आत नेता येत नाही. तिकीट नको असेल तर शेजारची जहांगीर कलादालन अकराला उघडते. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. पावसाळ्यात हाच टप्पा लांबवा आणि मरीन ड्राइव्ह गाळा.

या वेळेत काय करू नये

एलिफंटा नको. बोटीने जायला साधारण तास, यायला तास, वर पायऱ्या. दोनच्या आत परतणे अवघड. शिवाय सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी सिद्धिविनायकही नको, रांगेचा भरवसा नसतो. क्रॉफर्ड मार्केटातली खरेदी परतीच्या दिवशी करा, नाहीतर पिशव्या उचलत फिरावे लागेल.

खोली ताब्यात घेताना

साडेबाराला हॉटेलला एक फोन करा. त्या सुमारास आदल्या पाहुण्यांनी सोडलेल्या खोल्यांची सफाई चालू असते, आणि वाट पाहणाऱ्याची आठवण झाली की तुमची खोली आधी तयार होण्याची शक्यता वाढते. हलके जेवून पावणेदोनला पोहोचा. दोन वाजून गेले तरी खोली मिळाली नाही, तर ‘किती वेळ?’ एवढेच न विचारता ‘तोवर दुसरी कुठली तयार आहे?’ असे विचारा. किल्ली मिळाल्यावर बॅग उघडण्याआधी गरम पाणी, पंखा-एसी आणि दाराची कडी पाहा. खोली बदलायची तर तीच वेळ सोपी.