लष्कर पायी कसं वाचावं

दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईकडून कुणी ना कुणी आमच्याकडे ग्वाल्हेरला येतं. हातात आजोबांची जुनी वही, नाहीतर मोडीतला एखादा कागद, आणि प्रश्न ठरलेला : "आमची माणसं शिंद्यांच्या लष्करात होती म्हणतात. राहायची कुठे?" मी चिटनीस की गोठ या मोहल्ल्याजवळ वाढले, शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि आता या पाहुण्यांना घेऊन फिरते. फिरून फिरून एक गोष्ट पक्की कळली. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागाचा इतिहास आधी मोहल्ल्यांच्या नावात आहे, मग नदीकाठी आहे, कागदात सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. आधी कागदांमागे धावतात आणि दमून परत जातात.

निघण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा. कुळाची मोठी कथा विचारू नका, ती प्रत्येक घरात सारखीच असते. बारीक गोष्टी विचारा. ग्वाल्हेरच्या पत्रांवर पत्ता काय असायचा? घराजवळ पूल होता का, देऊळ होतं का? पाणी कुठून यायचं? आजी सणाला कोणाच्या वाड्यावर जायची? माझ्या भाच्याच्या आजेसासूबाईंना आडनावं आठवत नव्हती, पण "पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडच्या बाजारात जाता यायचं नाही" एवढं ठाम आठवत होतं. त्या एका वाक्यावरून आम्ही घराची बाजू ठरवली.

आता पाया. 1803 मध्ये असई, लासवारी आणि अडगाव इथे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, दिल्ली आणि दुआब हातचे गेले. ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला होता, तो 1805 च्या तहाने परत मिळाला. तोवर शिंद्यांचा दरबार बहुतेक काळ तंबूतच असायचा. 1810 मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला, सुवर्णरेखा नदीच्या मैदानात तळ दिला. हा तळ मग उठलाच नाही. तंबूच्या जागी भिंती आल्या, भिंतींवर दगडी पाट पडले, आणि शहराचं नाव मात्र तळाचंच राहिलं : लष्कर. आम्ही इथे 'लश्कर' म्हणतो. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर वेगळं, तिथे मुहम्मद घौस आणि तानसेनाची कबर आहे. पूर्वेचं मुरार वेगळं, ती इंग्रजांची छावणी. म्हणजे आजचं हे शहर तीन गावांचं, आणि त्यातली दोन गावं फौजेच्या तळातून उगवलेली.

तळ कसा पडायचा हे कळलं की आजचा बाजार कळतो. 1809 मध्ये ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता, त्याने ते लिहून ठेवलं आहे. बिनीवाला पुढे जायचा आणि महाराजांचा डेरा जिथे पडायचा तिथे पांढरं निशाण रोवायचा. मग प्रत्येक बाजाराचं निशाण आपापल्या ठरल्या जागी, आणि दुकानं दोन रांगांत, समोरासमोर, मध्ये एक लांब रस्ता. मुक्काम बदलला तरी कोण कोणाच्या शेजारी हे बदलायचं नाही. सराफ्यात उभं राहून एकदा दोन्ही बाजूंना पाहा. मला तर तिथे अजूनही त्या दोन रांगा दिसतात.

नावं परत मराठीत आणा

कामाची खरी सुरुवात इथे. पाट्या हिंदीत आहेत, आणि दोनशे वर्षांत आपले शब्द हिंदी तोंडातून गेले आहेत. म्हणून पाटीवरचं नाव मनातल्या मनात उलटं फिरवा. 'ब' असेल तिथे 'व' करून पाहा, 'ल' असेल तिथे 'ळ', 'न' असेल तिथे 'ण'. महाराज बाड़ा म्हणजे वाडा. शितोले का बाड़ा म्हणजे शितोळ्यांचा वाडा. लाडोजी शितोळे म्हणजे महादजींचे जावई, बाळाबाईंचे यजमान. फालका बाजार म्हणजे फाळक्यांचा, पाटनकर बाजार म्हणजे पाटणकरांचा. चावड़ी बाजार उलटवायचीही गरज नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा 'गोठ' या शब्दाने होतो. चिटनीस की गोठ, निंबालकर की गोठ, बक्षी की गोठ. पुण्याचे पाहुणे हे वाचतात आणि त्यांना गुरांचा गोठा आठवतो. एक भाचा तर खेड्यात गोठे शोधायचं ठरवून आला होता. मी त्याला म्हटलं, अरे, आपण वर्तमानपत्रात 'सत्ताधारी गोटात खळबळ' वाचतो ना, तो गोट. छावणीतला एका सरदाराचा किंवा एका खात्याचा तळ. चिटणिसांचा गोट म्हणजे पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांचा तळ. बक्षी म्हणजे फौजेची हजेरी आणि पगार सांभाळणारा, त्याचा गोट वेगळा. भाच्याच्या पणजोबांचा हुद्दा घरात 'बक्षीकडे कारकून' असा सांगत असत. तो गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "आत्या, म्हणजे पत्ता आमच्या तोंडात होता."

खात्यांची नावंही तशीच पाहा. खासगी बाजार म्हणजे शिंद्यांच्या घरखात्याचा, मराठेशाहीत दौलत, म्हणजे राज्याचा कारभार, वेगळी आणि खासगी वेगळी असायची. हुजरात म्हणजे धन्याच्या खास दिमतीचं घोडदळ. जिंसी म्हणजे जिन्सी, अवजड तोफखाना आणि त्याचं सामान, औरंगाबादेतही या नावाचा भाग आहे. आणि कंपू. महादजींच्या काळी त्यांच्या नोकरीतल्या द बॉयन या युरोपी सेनानीने युरोपी पद्धतीची पायदळं उभी केली, त्यांच्या ब्रिगेडींना 'कंपू' म्हणत, कॅम्पवरून. आज कंपूत मोठी इस्पितळं आहेत, तिथे एसएएफचं, म्हणजे राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाचं, मैदानही आहे आणि सकाळी कवायत चालते. पाहुण्यांना मी तिथे मुद्दाम सकाळीच नेते. शिंदे की छावनी तर मराठी माणसाला सांगायलाच नको. अटलबिहारी वाजपेयी 1924 मध्ये तिथेच जन्मले.

एक सावधगिरी. दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज ऐकलं की दौलतराव, जनकोजीराव, जिवाजीराव आठवतात आणि वाटतं, झालं, वस्तीचं साल सापडलं. तसं करू नका. नावं मागाहूनही दिली जातात. नाव हा पहिला धागा, पुरावा नव्हे.

नदीच्या कडेने चाला

बहुतेक लोक बाड्यावरून सुरुवात करतात. बाडा सुंदर आहे, टाउन हॉल, टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी या शिंद्यांच्या जुन्या राजवाड्याचा दरवाजा, एकेक इमारत वेगळ्या घडणीची. पण ते उत्तरकाळचं वैभव. पहिला तळ समजायचा तर सुवर्णरेखेच्या कडेने चला. हिवाळ्यात सकाळी आठला निघा, आधी बेडई-जिलेबी पोटात घाला, पायात बंद बूट घाला.

नदी पाहून वाईट वाटेल, मनाची तयारी करूनच या. हनुमान बांधाकडून येणारी ही नदी आता सिमेंटच्या पात्रातून वाहते. आत सांडपाणी, वर उड्डाणरस्त्याचे खांब. लोक 'नाला' म्हणतात. पण नाक दाबून पळू नका. हत्ती, घोडे, बैल आणि हजारो माणसं असलेल्या फौजेला आधी पाणी लागतं, त्यामुळे तळाची आखणी याच रेघेवरून सुरू झाली असणार. काठ कुठे उंच आहे, कुठे उतार आहे, हे पाहा. उतारावर जुने घाट, विहिरी आणि देवळं दिसतील, उंचावर वाडे. नावांतले पूलही टिपा : ढोलीबुवा का पुल, छप्परवाला पुल. ढोलीबुवांचा मठ म्हणजे नाथपंथी महिपतीनाथांची गादी. तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. मराठी कीर्तन आणि मुसलमानी मिलाद एका मांडवात, हे या तळाचंच देणं. महादजींचे गुरू बीडचे मन्सूरशहा होते, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे.

पुढे फूलबागेपर्यंत चालत जा. जून 1858 मध्ये तात्या टोपे, नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई मुरारला आले, तेव्हा जयाजीरावांची बहुतेक फौज त्यांना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याकडे निघून गेले. फूलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. पंधरा-सतरा दिवसांत सगळं संपलं. राणीची समाधी याच बाजूला आहे, आणि नाल्यापाशी घोडा अडला ही आठवण इथले लोक सुवर्णरेखेचीच सांगतात. जवळ गंगादासांची बडी शाळा आहे, तिथल्या साधूंनी राणीच्या देहाचं रक्षण केलं असं मठाची परंपरा सांगते. समाधीपाशी पाहुणे फोटो काढतात. मी त्यांना एवढंच विचारायला सांगते : तुमचे पणजोबा त्या दिवशी कोणत्या बाजूला होते? घरात हे कुणी सांगत नाही. विचारा तरी. किल्ला त्यानंतर 1886 पर्यंत इंग्रजांकडे राहिला, आणि लष्करवाल्यांनी अठ्ठावीस वर्षं आपल्या डोक्यावर परक्यांच्या तोफा पाहिल्या.

घर ओळखताना

पुण्याचा वाडा डोळ्यांसमोर ठेवून आलात तर लष्करचा वाडा ओळखू येणार नाही. तिथे लाकूड आणि वीट, इथे दगड. किल्ल्याच्या डोंगराचा तोच पिवळसर वालुकाश्म, छताला लाकडी पाटाऐवजी लांब दगडी पटिये, सज्जाला कोरलेल्या जाळ्या. मराठीपण आतल्या मांडणीत आहे : चौक, चौकाभोवती ओटी आणि सोपा, तुळशीवृंदावन, देवघर. दरवाजा नीट पाहा. मोठ्या फळ्यात एक छोटी दिंडी असते, वाकून आत जावं लागतं. दिंडीच्या कडेला हात फिरवून पाहा, जिथे दोनशे वर्षं माणसांनी आधार घेतला तिथे लाकूड गुळगुळीत लागतं. आमच्या गल्लीत एका दारावर आता लोखंडी शटर बसलं आहे, पण शटर वर गेलं की मागे तीच दिंडी दिसते, कडीसकट.

दार वाजवताना "हे आमचं घर होतं" असं कधी म्हणू नका. समोरचा माणूस लगेच जागेच्या भांडणाचा विचार करतो आणि दार लागतं. "आमचे आजोबा या मोहल्ल्यात राहायचे, तुमच्याकडच्या आजींना काही आठवतं का?" असं म्हणा. हिंदीत बोला, आत कुणी मराठी असेल तर ते स्वतःच मराठीत येतील. ती मराठी तुम्हाला जरा वेगळी वाटेल, 'कशाला' ऐवजी मध्येच 'काय को' येईल. दुरुस्त करू नका, ऐकून घ्या.

कागद, सगळ्यात शेवटी

आता दप्तर उघडा. पहिली गोष्ट, लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. आमच्याच घरात वडिलांनी प्रेमाने एक जुनी सनद लॅमिनेट करून घेतली. काही वर्षांत शाई तपकिरी झाली, कागद प्लॅस्टिकला चिकटला, आणि शेवटच्या दोन ओळी, जिथे साल होतं, आता वाचता येत नाहीत. कागद सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कागद घाला, दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

मोडी येत नसेल तरी तारीख काढता येते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ पूर्ण ओढायचा आणि तिला अक्षरं लटकवायचा, शब्दांत जागा सोडायचा नाही, म्हणून पान एकसलग दिसतं. त्यात 'छ' शोधा. 'छ' म्हणजे चंद्र, त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते. साल अरबी शब्दांत असतं, लहान आकड्यापासून मोठ्याकडे. 'इहिदे अशर मयातैन व अलफ' म्हणजे एक, दहा, दोनशे, हजार : सुहूर सन 1211. त्यात 599 मिळवले की 1810. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे, 1811. नंतरच्या ग्वाल्हेर संस्थानी कागदांवर विक्रम संवत भेटेल, त्यातून 57 वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 56. या बेरजा चुकल्या की माणूस चुकीच्या राजाच्या काळात नोकरीला लागतो, तेव्हा दोनदा करून पाहा.

मग कागदातलं गाव, हुद्दा आणि सरदाराचं नाव घेऊन परत त्याच मोहल्ल्यात जा. बक्षीच्या गोटाचा भाचा तिसऱ्या दिवशी असाच गेला. कागदात 'नजीक पूल' एवढंच होतं, आणि पुलाजवळच्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की मागच्या चौकात पूर्वी दख्खनी कारकून राहायचे. त्यांना आडनाव ठाऊक नव्हतं. भाच्याने चौकाचा फोटो काढला, कागदाच्या फोटोची एक प्रत त्यांना दिली, आणि त्या बाईंनी ती देवघरातल्या आपल्या कागदांत ठेवली.