नॉर्दर्न सोल : तबकड्या घेताना आणि वाजवताना या चुका टाळा

इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्यांच्या शहरांत रुजलेल्या नॉर्दर्न सोल या नाचण्याच्या संगीताचा बराचसा डोलारा अमेरिकेत न खपलेल्या तबकड्यांवर उभा आहे. डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस येथील छोट्या कंपन्यांनी १९६० च्या दशकात काढलेली आणि तिथे फारशी कोणी न विचारलेली वेगवान गाणी मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील या क्लबमध्ये आणि पुढे विगन कॅसिनो या नाचघरात रात्रभर वाजू लागली, आणि ज्या डीजेकडे इतरांजवळ नसलेली तबकडी असेल त्याचे नाव होऊ लागले. विगन कॅसिनो १९८१ मध्ये बंद झाले. ऑल-नायटर, म्हणजे रात्रभर चालणारे नाचाचे कार्यक्रम, मात्र आजही होतात आणि ब्रिटनमध्ये आलेल्या आपल्या मंडळींपैकीही काही जण या नादी लागलेले मला दिसतात. नादाला माझी हरकत नाही. वर्षभराच्या आत तबकड्यांची पेटी भरून डीजे म्हणून उभे राहण्याच्या घाईला आहे, कारण पुढील बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

लेबल पाहून पैसे मोजणे

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नकली तबकडी अस्सल समजून घेणे. १९७० च्या दशकात मागणी वाढली तशा बेकायदा प्रती मोठ्या प्रमाणावर छापल्या गेल्या. त्या प्रतींनाच आता पन्नास वर्षे होत आल्यामुळे लेबलचा पिवळेपणा किंवा पाकिटाचा जुनाट वास या खुणांना काहीही अर्थ उरलेला नाही.

लीड्सला शिकायला आलेल्या, मूळच्या पुण्याच्या एका मुलाने एका रेकॉर्ड मेळ्यात डेट्रॉइटच्या छोट्या कंपनीची एक तबकडी चारशे पौंडांना घेतली आणि “काका, ही बघा, अगदी नवीकोरी!” म्हणत मोठ्या हौसेने माझ्याकडे आणली. मी लेबलकडे न पाहता ती दिव्याखाली तिरकी धरली. गाणे संपते तिथपासून लेबलच्या कडेपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीची ओळख पटवणारा क्रमांक, असतो. त्या गाण्याच्या अस्सल प्रतीत हा क्रमांक ठशाने उमटवलेला आहे आणि त्याच्या शेजारी मिशिगनमधील ओवासो येथील अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग या कारखान्याची ‘एआरपी’ ही एकमेकांत गुंतलेली अक्षरे आहेत. या प्रतीत कोणीतरी टोकदार वस्तूने खरडलेले चार आकडे होते, बाकी काही नाही. भिंगाखाली लेबलवरील बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या, कारण ते अस्सल लेबलचा फोटो घेऊन छापलेले होते. मग तबकडी लावली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता, तरीही सुरुवातीच्या ड्रमच्या मागे जुनी करकर स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी झिजलेल्या तबकडीवरून गाणे उतरवून घेताना तिची करकरही सोबत छापली गेली होती. “पण विकणारा माणूस फार सज्जन वाटला हो,” एवढेच तो मुलगा म्हणाला. तो सज्जन असेलही, कदाचित त्यालाही कोणी फसवले असेल. पण पावती घेतलेली नव्हती आणि पुढच्या मेळ्यात तो गृहस्थ काही दिसला नाही.

म्हणून तबकडी महाग असेल तर तिच्या अस्सल प्रतीवरील खुणा आधीच वहीत उतरवून ठेवायच्या आणि समोरच्या प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायच्या, ही माझी सवय आहे. दुरून मागवताना त्या गुळगुळीत पट्टीचा फोटो मागावा आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर विषय तिथेच सोडून द्यावा. मात्र हाताने खरडलेला क्रमांक म्हणजे नकली, असा सरसकट नियम कोणी करू नये. कितीतरी अस्सल तबकड्यांवर क्रमांक हातानेच कोरलेले आहेत. खुणा त्या त्या तबकडीच्या असतात, आणि असे सोपे नियम शोधणारी मंडळीच पुन्हा पुन्हा फसतात.

दुर्मीळ कशामुळे, हे न विचारणे

डॅरेल बँक्सचे ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ हे गाणे १९६६ मध्ये अमेरिकेत रेव्हिलॉट या कंपनीकडून निघाले आणि चांगले गाजले, त्यामुळे ती तबकडी आजही माफक किमतीत मिळते. ब्रिटनमध्ये मात्र लंडन नावाच्या रेकॉर्ड कंपनीला हक्कांच्या वादामुळे आपली आवृत्ती मागे घ्यावी लागली आणि तिची एक प्रत २०१४ मध्ये १४,००० पौंडांहून अधिक किमतीला गेली. गाणे तेच, गायक तोच आणि नाचणाऱ्यांना पडणारा फरक शून्य. वाजवण्यासाठी घेत असाल तर स्वस्त अस्सल प्रत घ्यावी. नुसते ऐकण्यासाठी घेत असाल तर केंटसारख्या कंपन्यांनी रीतसर परवाने घेऊन काढलेले संग्रह पुरेसे आहेत, आणि नवख्याने पहिले वर्ष त्यांच्यावरच काढावे असे माझे स्पष्ट मत आहे. कान तयार नसताना पैसे तयार असणे हा या छंदातला मोठा धोका आहे.

विक्रेत्यांच्या प्रतवारीत ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर असलेली प्रत, हे पैसे देण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

स्टायरीनला व्हिनाइल समजणे

अमेरिकेतील कित्येक छोट्या तबकड्या व्हिनाइल या नेहमीच्या प्लास्टिकच्या नसून पॉलिस्टायरीनच्या, म्हणजेच स्टायरीनच्या, आहेत. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या तर सर्रास. स्टायरीनची तबकडी कडक असते, वाकवू गेल्यास तडकते, आणि तिचे लेबल दाबून बसवलेले नसून चिकटवलेले असते. गाण्याची सुरुवात पकडण्यासाठी तिच्यावर सुई पुढेमागे घासली, तर पहिल्या काही सेकंदांत कायमची फुसफुस बसते. अशा तबकडीची सुरुवात घरी शोधून ठेवावी आणि कार्यक्रमात सुई एकदाच, हलकेच टेकवावी. झिजलेल्या सुईने स्टायरीन वाजवणाऱ्याला माझी पेटी उघडायलाही मिळत नाही.

ज्यांचा संग्रह मुंबईत किंवा कोकणात आहे, त्यांनी पावसाळ्यात कागदी पाकिटे बदलून तबकड्या कोरड्या कपाटात ठेवाव्यात. बुरशी आधी लेबलवर चढते.

स्वतःसाठी वाजवणे

क्लबमधून आलेले तरुण डीजे दोन गाण्यांचे ठेके एकमेकांत मिसळायला जातात. ही गाणी जेमतेम अडीच मिनिटांची, ड्रम माणसाने वाजवलेले आणि वेग मधेच किंचित सरकणारा. त्यामुळे मिसळण्याच्या नादात गाण्याचा शेवट कापला जातो आणि नेमक्या त्या शेवटावर गिरकी घेणारा नाचणारा ताटकळतो. इथे गाणे पूर्ण वाजवायचे, क्षणभर थांबायचे, हवे तर गायकाचे नाव सांगायचे आणि पुढचे लावायचे.

त्याहून मोठी चूक म्हणजे हातातला पाऊण तास आपल्या संग्रहाचे प्रदर्शन समजणे. ओळीने दहा अनोळखी गाणी लावून रिकाम्या लाकडी फरशीकडे तुच्छतेने पाहणारे डीजे मी पाहिले आहेत, आणि “लोकांना कळत नाही” हे त्यांचे ठरलेले वाक्यही ऐकले आहे. लोकांना सगळे कळते. दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये एक अनोळखी ठेवले तर ते पायांना नकळत रुळते आणि रात्र संपताना कोणीतरी येऊन त्याचे नाव विचारते. आपल्या आधीच्या डीजेने काय वाजवले ते ऐकण्यासाठी निदान तासभर आधी पोहोचावे. तेच गाणे पुन्हा लावणे हा शुद्ध आळशीपणा आहे. जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांची जी तीन गाणी विगनमध्ये सकाळी आठच्या आधी, अगदी शेवटी लागत, ती मध्यरात्री लावू नयेत.

इतर डीजेंना गाणे कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून त्याला खोटे नाव देण्याची जुनी चाल उगाच चालवू नये. फ्रँक विल्सनचे गाणे एके काळी एडी फॉस्टरच्या नावाखाली लपले, कारण ते ओळखण्याचे साधनच कोणाकडे नव्हते. आज मोबाइल काही सेकंदांत नाव सांगतो आणि लपवणाऱ्याचे हसे होते.

‘फक्त अस्सल तबकड्या’ असा नियम असलेल्या ठिकाणी लॅपटॉप नेऊन वाद घालू नये. आणि अमेरिकन तबकडीचे मधले भोक सुमारे ३८ मिलिमीटरचे असते, तेव्हा ते भोक भरून काढणारे अडॅप्टर स्वतःचे न्यावेत, तेही दोन. आयोजकांकडचे नेहमीच हरवलेले असतात.