बेसाल्टची जलवाहकता: चाचणी कोणती, आकडा कुठे वापरायचा

दख्खनच्या बेसाल्टात एकाच जागी तीन पद्धतींनी जलवाहकता (खडक पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप) मोजली तर आकड्यांत शंभरपट तफावत येऊ शकते, आणि तरीही तिन्ही बरोबर असू शकतात. प्रत्येक चाचणी वेगळ्या आकारमानाच्या खडकाला प्रश्न विचारते. त्यामुळे उपकरण उचलण्याआधी ठरवा: आकडा विहिरीसाठी हवा, की पाणलोटाच्या मॉडेलसाठी?

ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या गाभ्याचा तुकडा प्रयोगशाळेत अखंडच जातो. भेगेवरचे तुकडे फुटतात आणि पेटीतच राहतात. कठीण काळ्या पाषाणात पाणी वाहतं ते मात्र भेगांतूनच. हा आकडा खालची मर्यादा समजा, त्यापलीकडे काही नाही.

स्लग टेस्ट, म्हणजे पाणीपातळी एकदम बदलून ती पूर्ववत कशी होते ते मोजणं, विहिरीभोवतीचे जेमतेम काही मीटर पाहते. १५० मिमी विंधन विहिरीत ७५ मिमी बाहेरील व्यासाचा, १ मीटर लांबीचा, वाळू भरून दोन्ही टोकं बंद केलेला पाइप झटकन पूर्ण बुडवा. पाणी सुमारे २५ सेंमी चढेल. प्रेशर सेन्सरवर दर सेकंदाला नोंद ठेवा. मग छोट्या पाइपनं पुन्हा करा. पातळीतला फरक सुरुवातीच्या फरकानं भागून काढलेले आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत. दर वेळी सरकत असतील तर भेगांत ड्रिलिंगची भुकटी अडकली आहे. विहीर कॉम्प्रेसरनं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर तुम्ही खडक नव्हे, गाळ मोजाल. ‘मोठ्या चाचणीत आकडा वाढतो’ म्हणतात, त्यातला बराचसा भाग या न धुतलेल्या विहिरींचा असू शकतो.

उपसा चाचणीचा आवाका वेळेबरोबर वाढतो: त्रिज्या साधारण १.५ × √(टी × वेळ ÷ एस). टी म्हणजे जलवाहकता × थराची जाडी; एस म्हणजे साठवण गुणांक, पातळी एक मीटर उतरली की दर चौरस मीटरमागे सुटणारं पाणी. टी ५० चौ. मी. प्रतिदिन आणि एस ०.०१ धरला तर चार तासांत सुमारे ४३ मीटर, चोवीस तासांत १०६. उपसलेलं पाणी पाइपनं या टापूबाहेर सोडा. बांधावर सोडलं तर ते मुरमातून परत झिरपतं आणि टी फुगतो.

खोदलेल्या विहिरीत खरी गोची आहे. पंप आधी विहिरीतला साठाच उपसतो. कूपर–जेकबची सरळ रेषा (पातळीची उतरण वेळेच्या लॉगसमोर मांडून टी काढण्याची रीत) उपशाच्या विहिरीतच लावायची तर २५० × विहिरीच्या त्रिज्येचा वर्ग ÷ टी इतका काळ जावा लागतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीला वरच्याच टीनं ४५ दिवस! तिथे विहिरीतला साठाही धरणारे पापाडोपुलोस–कूपर (१९६७) वक्र वापरा आणि पंप बंद केल्यावर पाणी भरून येण्याच्याही नोंदी घ्या.

सरासरी काढताना दिशा पाहा. १ मीटर मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र बेसाल्टचा थर (जलवाहकता १० मी. प्रतिदिन) आणि ९ मीटर कठीण पाषाण (०.०१): आडव्या प्रवाहाला अंकगणिती सरासरी १.०१, उभ्या झिरप्याला हरात्मक सरासरी ०.०११. टी भागिले पूर्ण जाडी करून आलेला आकडा उभ्या झिरप्याला लावलात तर पुनर्भरण (वरून मुरून भूजलात पोहोचणारं पाणी) नव्वदपट चुकेल. प्रदूषण किती लवकर पोहोचेल हे काढायला तर १.०१ही कामाचा नाही. तिथे एकट्या मांजऱ्या थराचे १० धरा.

शिवारातल्या विहिरी पाणी लागलं तिथेच टिकतात, म्हणून फक्त चालू विहिरींवरची सरासरी वर झुकते. कोरड्या गेलेल्या विंधन विहिरींतही स्लग टेस्ट घ्या. पाणी ओतून पातळी उतरताना मोजली तरी अंदाज मिळतो. मॉडेल चाचणीच्या दहापट जलवाहकतेवरच जुळत असेल, तर आधी पुनर्भरण तपासा. नुसत्या पाणीपातळ्यांवरून दोन्ही एकत्र वाढवले तरी मॉडेल तितकंच छान जुळतं. ओढ्याच्या उन्हाळी प्रवाहाचं एखादं मोजमाप असेल तरच ते पकडता येतं.