रशियात एमबीबीएसला विषय राहिलाय? डिडक्ट व्हायच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतून काढलं जायच्या आधी हे करा

आधी डोक्यातून एटीकेटी काढून टाका. आपल्याकडे विषय राहिला की पोरं म्हणतात "चल, पुढच्या सेमला काढू" आणि बऱ्याचदा निघतो पण. रशियात राहिलेल्या विषयाला 'दोल्ग' म्हणतात, म्हणजे सरळ उधारी, आणि या उधारीला मुदत असते.

दुसरं म्हणजे इथे बरीच पोरं एक्झाममध्ये नापास होत नाहीत, एक्झामपर्यंत पोचतच नाहीत. क्लास बुडाला की त्याची ओत्राबोत्का द्यायची, म्हणजे त्याच टॉपिकवर टीचरसमोर बसून उत्तरं द्यायची, क्लासमध्ये २ मिळाला तरी तो भरून काढायचा (५ सगळ्यात वर, ३ ला पास, २ म्हणजे गेला), आणि हे क्लिअर नसेल तर झाचोत (विषयाचा पास शेरा) नाही, झाचोत नाही तर एक्झामला बसू देत नाहीत. माझ्या रूममेटने थंडी थंडी करत हिस्टॉलॉजीचे सकाळचे क्लास बुडवले आणि ७ ओत्राबोत्का डिसेंबरात एकदम काढायला गेला, तेव्हा डिपार्टमेंटच्या दाराबाहेर आमच्या वर्षाची अर्धी बॅच लाईन लावून उभी होती. म्हणून बुडाला की पुढच्याच आठवड्यात काढा. आजारी असाल तर पॉलीक्लिनिकची स्प्राव्का (सर्टिफिकेट) त्याच वेळी घ्या आणि देकानातमध्ये, म्हणजे डीन ऑफिसात जमा करा, टीचरला व्हॉट्सअ‍ॅप टाकलं म्हणजे झालं असं नसतं.

आता समजा सेशनमध्ये (परीक्षांचा काळ, जानेवारी किंवा जून) विषय राहिलाच. रशियाचा २०१२ चा शिक्षण कायदा आहे, २७३ नंबरचा, त्याचं कलम ५८ गुगल ट्रान्सलेट लावून का होईना एकदा वाचाच. त्यात काय आहे तर दोल्ग तयार झाल्यापासून १ वर्षाच्या आत जास्तीत जास्त २ वेळा पेरेस्दाचा, म्हणजे रिटेक, आणि दुसऱ्या वेळेला एकटा टीचर नसतो, कमिशन म्हणजे टीचर्सची समिती बसते. आजारपण आणि अ‍ॅकेडेमिक लिव्ह (शिक्षणातून घेतलेली अधिकृत मोठी सुट्टी) त्या वर्षात मोजत नाहीत. तोपर्यंत तुम्ही पुढच्या वर्षात 'उस्लोव्नो' जाता, अटीवर. इथेच पोरं फसतात, वरच्या वर्गात बसलो म्हणजे सुटलो असं वाटतं. तारखा युनिव्हर्सिटी ठरवते आणि वर्ष पूर्ण व्हायची वाट बघत नाही, बऱ्याच ठिकाणी रिटेक सप्टेंबरच्या सुरुवातीलाच असतात, आणि आपण गणपती करूनच निघू म्हणून तिकीट पुढे ढकललेलं असतं. गेला एक चान्स. तिकीट काढायच्या आधी देकानातच्या बोर्डावरच्या तारखा बघा.

पैशांचं पण सांगतो. त्याच कलमात लिहिलंय की परीक्षेसाठी किंवा रिटेकसाठी फी घेता येत नाही. त्यामुळे कोणी सीनियर किंवा एजंटचा माणूस "इतके दे, झाचोत करून देतो" म्हणाला तर ती लाच आहे, देणाराही अडकतो. तेच पैसे ट्युटरला द्या आणि रशियन सुधारा.

कमिशनच्या आधी जमणार नाही असं खरंच वाटत असेल, तब्येत किंवा घरचं कारण असेल, तर अ‍ॅकेडेमिक लिव्हचा अर्ज आधी करा. नापास झाल्यावर केलेल्या अर्जाला फारशी किंमत राहत नाही.

आणि डिडक्ट झालात तर? विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा राहत नाही, देश सोडावा लागतो. मग एजंट म्हणतो "टेन्शन घेऊ नका, दुसऱ्या देशात थेट थर्ड इयरला बसवतो". इथे थांबा. एनएमसीच्या (भारतातला नॅशनल मेडिकल कमिशन) नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी कॉलेजात व्हायला लागते, आणि कोर्सला लागल्यापासून १० वर्षांत सगळं उरकायला लागतं. अर्धं इथे अर्धं तिथे करून आणलेली डिग्री भारतात रजिस्ट्रेशनला अडकू शकते. भारतातल्या कॉलेजात मधूनच घुसता येत नाही, पहिल्यापासून म्हणजे परत नीटची (NEET) परीक्षा. म्हणून पहिला प्रयत्न त्याच युनिव्हर्सिटीत परत घेण्याचा, त्याला 'वस्स्तानोव्लेनिये' म्हणतात, अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, बहुतेक वेळा खालच्या वर्षात बसवतात आणि त्या वर्षाची फी परत भरायची.

घरी फोन त्याच दिवशी करा, एजंटकडून कळलं तर जास्त वाईट. निघण्याआधी शिकलेल्या विषयांची आणि तासांची स्प्राव्का मागा, डिडक्शनची ऑर्डर निघाल्यावर ३ दिवसांत ती द्यायची असते. आणि बारावीची ओरिजिनल मार्कशीट तुमच्या फाईलमध्येच पडलेली असते, ती हातात घेतल्याशिवाय एअरपोर्टला जाऊ नका. त्यासाठी लायब्ररी, हॉस्टेल सगळीकडच्या सह्यांचा एक कागद फिरवायला लावतात, त्यात दोन-तीन दिवस सहज जातात.